वाइड रिसीव्हर पारखायचा तर झेलाच्या आधीचं बघा

अमेरिकन फुटबॉलमधल्या कॉलेजच्या वाइड रिसीव्हरबद्दल, म्हणजे पुढे पळून पास झेलणाऱ्या खेळाडूबद्दल, हायलाइट्स बघून मत बनवू नका. त्यात फक्त जमलेले झेल असतात. एका सामन्यात रिसीव्हर साधारण तीसेक रूट (पास झेलण्यासाठी आधी ठरवलेले पळण्याचे मार्ग) पळतो आणि चेंडू हातात येतो तो पाच-सहा वेळा. बाकीच्या पंचवीस वेळा त्याने काय केलं, त्यावरून तो एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, टिकेल का याचा जास्त अंदाज येतो. टीव्हीवरचं प्रक्षेपण इथे उपयोगाचं नाही, कारण स्नॅप झाला, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू झाला, की कॅमेरा पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर जातो आणि रिसीव्हर चौकटीबाहेर पडतो. ऑल-२२ फुटेज लागतं, म्हणजे उंचावरून घेतलेलं, दोन्ही संघांचे बावीस खेळाडू दिसणारं.

चार सामने पुरतात, पण निवडून घ्या. निदान दोन सामन्यांत समोर ड्राफ्टमध्ये (एनएफएल संघ कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडतात त्यात) जाण्याच्या लायकीचा कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला अडवणारा बचावपटू, असावा, आणि एक असा असावा ज्यात याचं काहीच चाललं नाही. प्रत्येक रूटला वहीत एक ओळ: बाहेर साइडलाइनकडे उभा होता की स्लॉटमध्ये (त्याच्या आतल्या बाजूला), कॉर्नर किती यार्डांवर होता, रूट कुठला, वळताना किती अंतर सुटलं, चेंडू आला का. शंभर-सव्वाशे ओळी झाल्या की खेळाडू कळायला लागतो.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो रिलीजला, म्हणजे स्नॅपनंतर कॉर्नरला चुकवून खेळ सुरू होण्याच्या रेषेवरून (लाइनवरून) सुटण्याला. एनएफएलमध्ये लाइनपासून पाच यार्डांपर्यंत कॉर्नरला रिसीव्हरला धक्का देता येतो, त्यापुढे दंड लागतो. कॉलेजमध्ये पाच यार्डांची ही मर्यादा नाही. तरी तिथले बरेच कॉर्नर सात-आठ यार्ड मागे उभे राहतात आणि रिसीव्हरला मोकळी वाट मिळते. म्हणून वहीतले फक्त प्रेसचे, म्हणजे कॉर्नर लाइनवर अगदी समोर उभा असतानाचे, रूट वेगळे काढा. चार सामन्यांत ते पंधरासुद्धा भरत नसतील तर आणखी सामने बघा, नाहीतर या बाबतीत आपल्याला काही माहीत नाही असं सरळ लिहा. मोशनमधून (स्नॅपआधी जागा बदलत) किंवा बंचमधून (रिसीव्हरच्या घोळक्यातून) सुटलेला रूट प्रेसमध्ये धरू नका. ती वाट कोचने काढून दिलेली असते.

प्रेसच्या रूटवर व्हिडिओ संथ करा आणि आधी पाय बघा. स्नॅपवर पहिलं पाऊल मागे पडतं का? पडत असेल तर दरवेळी अर्धं पाऊल फुकट जातं. मग हात: कॉर्नरचा हात छातीवर येण्याआधी हा तो मनगटाशी झटकतो, की अंगावर घेतो? शेवटी वेळ. जागच्या जागी तीन-चार चकवे दिसायला झकास दिसतात, पण तेवढ्यात क्वार्टरबॅक मागे सरकून फेकायला तयार झालेला असतो आणि रिसीव्हर अजून लाइनवरच. दर वेळी तोच चकवा वापरणाराही एनएफएलमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या सामन्यात ओळखला जातो. दवांते अ‍ॅडम्स २०१४ मध्ये दुसऱ्या फेरीत, एकूण ५३ व्या क्रमांकावर निवडला गेला. त्याचं नाव झालं ते वेगापेक्षा रिलीजमुळे.

पुढचा भाग वळणाचा. इथे कमबॅक रूटसारखी दुसरी परीक्षा नाही: पंधरा यार्ड सरळ पळायचं, थांबायचं आणि साइडलाइनकडे परत यायचं. कच्चा रिसीव्हर दोन पावलं आधीच छाती उचलतो, पावलं बारीक करतो, आणि कॉर्नर तिथेच ओळखतो. पक्का खेळाडू शेवटच्या पावलापर्यंत खोल पळतोय असंच भासवतो, कंबर खाली नेऊन दोन-तीन पावलांत ब्रेक लावतो आणि चेंडूकडे परत येतो. वळल्यावर जागेवर उभं राहून चेंडूची वाट बघणाऱ्याचे पास कॉर्नर पुढे घुसून पळवतात. खोल गो रूटवर, म्हणजे न वळता सरळ पुढे पळताना, दोन गोष्टी तपासा. कॉर्नरला मागे टाकल्यावर हा त्याच्या पुढ्यात येतो का, आणि साइडलाइनपाशी चार-पाच यार्ड जागा राखतो का. रेषेला चिकटून पळणारा क्वार्टरबॅकला चेंडू टाकायला जागाच ठेवत नाही.

झोन बचावासमोर, जिथे बचावपटू खेळाडूऐवजी ठरलेली जागा सांभाळतात, प्रश्न वेगळा: दोन बचावपटूंच्या मधली मोकळी जागा सापडली की हा तिथे थांबतो, की पळत पळत पुढच्याच्या ताब्यात जातो?

हातांबद्दल गोंधळ फार होतो. नुसते सुटलेले झेल मोजू नका, का सुटले ते लिहा. पळायच्या घाईत नजर हटली असेल तर ते सुधारता येतं. चेंडू सतत छातीवर घेत असेल तर ती सवय मोडायला वेळ लागतो. साइडलाइनवरच्या झेलांत पाय मोजा, कारण कॉलेजमध्ये एक पाय आत पुरतो आणि एनएफएलमध्ये दोन्ही लागतात. झटापटीतले झेल खूप दिसले तर लगेच हुरळून जाऊ नका; अंतर सुटत नाही म्हणूनच तर झटापट होते.

फुटेज झाल्यावरच आकडे उघडा, आधी नाही. एकूण यार्ड फसवतात. प्रति रूट यार्ड काढा. ४०० रूटवर १,००० यार्ड म्हणजे २.५, ५५० रूटवर तेवढेच म्हणजे जेमतेम १.८. त्यातही स्क्रीन पासचे (लाइनच्या मागेच दिलेल्या छोट्या पासचे) यार्ड वजा करून बघा. संघाच्या पासिंग यार्डांपैकी याचा वाटा किती आणि तो कितव्या वर्षी मिळाला, हेही महत्त्वाचं. एकोणिसाव्या वर्षी संघाचा मुख्य रिसीव्हर झालेला आणि तेविसाव्या वर्षी झालेला, दोघे सारखे नव्हेत.

आता इंडियानापोलिसची कम्बाइन, म्हणजे ड्राफ्टआधीची खेळाडूंची चाचणी. ४० यार्डांची वेळ शंका दूर करायला वापरा, क्रमवारी लावायला नाही. जॉन रॉसने २०१७ मध्ये ४.२२ सेकंदांचा विक्रम केला आणि सिनसिनाटीने त्याला नववा उचलला. दुखापतींनी ग्रासलेल्या पहिल्या मोसमात त्याला एकही झेल मिळाला नाही. त्याच ड्राफ्टमध्ये ४.६२ धावलेला कूपर कप ६९ वा गेला आणि २०२१ मध्ये झेल, यार्ड आणि टचडाउन तिन्हींत लीगमध्ये पहिला आला. डीके मेटकाफचं उदाहरण उलटं: २०१९ मध्ये ४.३३ धावला, पण वळणं तपासणाऱ्या थ्री-कोनमध्ये ७.३८ सेकंद लागले आणि तो ६४ वा गेला. सिअ‍ॅटलने त्याला सरळ, खोल रूटवर भरपूर वापरलं आणि २०२० मध्ये त्याने १,३०३ यार्ड काढले.

म्हणून अहवालात नुसता ग्रेड लिहून थांबू नका, जागा लिहा: लाइनवर प्रेस झेलणारा एक्स, एक पाऊल मागे उभा राहणारा झेड, की स्लॉट. मात्र कॉलेजात जिथे उभा राहिला तीच त्याची जागा असं धरू नका. जस्टिन जेफरसनने २०१९ मध्ये एलएसयू या कॉलेजकडून १११ झेल घेतले, बहुतेक स्लॉटमधून, आणि बाहेर जमेल का या शंकेत तो २२ वा गेला. मिनेसोटाने त्याला बाहेर उभं केलं आणि पहिल्याच मोसमात १,४०० यार्ड आले. अशा वेळी त्याचे बाहेरचे मोजके रूट शोधून पुन्हा पुन्हा बघा, आणि अहवालात ते किती होते तेही नोंदवा.