वाकडं पातं असलेल्या वस्तऱ्याला धार कशी लावायची

पुण्याच्या जुन्या बाजारात नाहीतर मुंबईच्या चोर बाजारात झोलिंगेन (जर्मनी) किंवा शेफिल्ड (इंग्लंड) या पात्यांसाठी नावाजलेल्या गावांचं नाव छापलेले वस्तरे अधूनमधून मिळून जातात, घरात आजोबांचा निघाला तर उत्तमच. (सलूनमधला अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा नाही म्हणत मी, अखंड पात्याचा.) घरी आणून दगडावर घासायला घेतला की काही वस्तऱ्यांना धार मध्ये छान लागते, टोकाला आणि मुठीकडे अजिबात नाही, आणि मग लोक जोर लावून तासभर घासत बसतात. जोर लावून काही होत नाही, कारण पातंच वाकडं असतं.

वस्तऱ्याचं गणित असं की कोन आपण हाताने धरत नाही, जाड पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडावर टेकवायची, पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यातून साधारण १६-१७ अंशांचा कोन आपोआप मिळतो. पण पोलादाला पाणी देताना (तापवून एकदम थंड करून कडक करताना) पातं थोडं वाकलं असेल तर सपाट दगडावर एका बाजूने फक्त मधला भाग टेकतो आणि उलटवलं की फक्त दोन टोकं. आणि हो, हातोडी घेऊन सरळ करायला जाऊ नका, कडक पोलाद आहे, काडकन मोडेल. गॅसवर तापवायचं तर डोक्यातही आणू नका, ३०० अंशांच्या आसपास निळी झाक येते, आणि ती आली की धार टिकवण्याची ताकद गेली समजा. पातं वाकडंच राहणार, आपण फक्त दगड आणि हात त्याच्याप्रमाणे चालवायचा.

आधी खात्री करा. काचेच्या सपाट तुकड्यावर पातं आडवं ठेवून टोकाला आणि मुठीकडे आळीपाळीने हलकं दाबा, डुगडुगलं तर बाक किंवा पीळ आहे. मग परमनंट मार्करने दोन्ही बाजूंना धारेलगत आणि पाठीवर रंगवा आणि दगडावर अगदी हलके दोन-तीन हात मारा. शाई जिथे तशीच राहिली तिथे दगड पोचत नाहीये. हे प्रत्येक दगडावर करत राहायचं, अंदाजाने चालू नका. पण त्याआधी दगड स्वतः सपाट पाहिजे! पेन्सिलने चौकटी आखा आणि डायमंड प्लेटवर (हिऱ्याचे कण बसवलेली सपाट पट्टी), नसेल तर काचेवर वॉटर पेपर चिकटवून, सगळ्या रेघा जाईपर्यंत पाण्यात घासा. वापरून खोलगट झालेल्या दगडावर सरळ वस्तराही वाकडा वागतो.

आता बाहेर फुगलेली बाजू. ही सोपी. मुठीकडचा भाग दगडावर टेकवून सुरू करा, धार पुढे, आणि पुढे ढकलता ढकलता वस्तरा उजवीकडे ओढत न्या म्हणजे दगड संपेपर्यंत टोक दगडावर आलेलं असेल, यालाच एक्स स्ट्रोक म्हणतात. त्यात मनगट किंचित फिरवायचं, सुरुवातीला वजन मुठीकडे आणि शेवटी टोकाकडे, अगदी कळेल न कळेल इतकंच.

खरी डोकेदुखी आत गेलेली बाजू, कारण तिथे रुंद दगड मधल्या भागाला शिवतच नाही. उपाय एकच, अरुंद दगड. बाकामुळे पातं आणि दगड यांच्यात राहणारी फट दगडाच्या रुंदीच्या वर्गाने कमी-जास्त होते, म्हणजे ३ इंची दगडावर जेवढी फट राहते ती १ इंची दगडावर जवळजवळ नवव्या हिश्श्याएवढीच उरते, आणि तेवढी सहज निघते. वेगळा दगड घ्यायलाच पाहिजे असं नाही, जाड दगड असेल तर त्याची उभी कड सपाट करून, कोपरे थोडे घासून वापरा. फक्त ४०००/८००० (हे दगडाच्या बारीकपणाचे आकडे, आकडा मोठा तितका दगड बारीक) असा दोन थरांचा जोडदगड असेल तर कडेला दोन्ही थर एकत्र येतात, तिथे हे जमणार नाही. या बाजूलाही स्ट्रोक तिरपाच.

सगळ्यात जास्त वेळ १००० वर द्या. बल्बखाली धार समोरून बघा, कुठेही चमकणारा ठिपका किंवा रेघ दिसली तर तिथे अजून बोथट आहे. हाताचे केस टोकापासून मुठीपर्यंत सगळीकडून सारखे निघाले तरच ४०००, मग ८०००, आणि जमलं तर १२०००. ८००० वर दाब शून्य, वस्तऱ्याचं स्वतःचं वजन पुरे. आणि दोन्ही अंगांनी खोलगट घासून पातळ केलेल्या पात्यावर तर कधीच दाबू नका, पातं लवतं आणि धार उचलली जाते. पाठ झिजू नये म्हणून तिला इलेक्ट्रिकल टेप लावायची तर पहिल्या दगडापासून शेवटपर्यंत लावा आणि दगड बदलला की टेपही बदला, मध्येच काढली तर कोन बदलला ना.

काम झाल्यावर धारेलगतचा घासलेला पट्टा, म्हणजे बेव्हल, एका बाजूला मध्ये रुंद आणि दुसऱ्या बाजूला टोकांना रुंद दिसेल. दिसू दे. तो एकसारखा दिसावा म्हणून अर्धं पातं झिजवणारे लोक मी बघितलेत, मला ते काही पटत नाही. दोन्ही बाजूंचे बेव्हल धारेवर एकमेकांना मिळाले की झालं. मात्र धारेवर बारीक तडा किंवा गंजाचे खोल खड्डे असतील तर वस्तरा शोकेसमध्ये ठेवा, गालावर नको.

शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून ५०-६० वेळा. पट्टा फार ताणू नका, किंचित सैल असला की आतल्या बाजूलाही चामडं लागतं, आणि इथेही हात तिरपाच. मग गालावर करून बघा. एखाद्याच जागी केस ओढले जात असतील तर सगळं पहिल्यापासून करायची गरज नाही, पात्याचा तेवढा भाग मार्करने रंगवून ८००० वर परत घ्या, अरुंद कडेवर, आणि परत पट्टा.