अँड्रॉइड सोडून आयफोन घेताना: आधी काय, नंतर काय

नवा आयफोन हातात आला की तो ताबडतोब सुरू करून मोकळे व्हावेसे वाटते. तेवढा मोह आवरावा. जुन्या अँड्रॉइड फोनमधील माहिती थेट नव्या फोनवर आणणारे ॲपलचे ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप २०१५ पासून उपलब्ध आहे. मात्र ते मुळात नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच्या टप्प्यावर वापरण्यासाठी केलेले आहे, आणि तो टप्पा ओलांडून गेल्यास सहसा आयफोन पूर्ण रिसेट करून पुन्हा आरंभ करावा लागतो.

त्याआधी जुन्या फोनमधील संपर्क कोठे साठवलेले आहेत, हे पाहावे. आमच्या घरी एका ज्येष्ठांचा फोन बदलताना नव्या फोनवर केवळ गूगल खाते जोडले, तेव्हा नातेवाईक सारे आले. पण दूधवाले, गॅसवाले आणि पोळ्यांच्या मावशी मात्र आल्या नाहीत, कारण ते क्रमांक वर्षानुवर्षे सिमकार्डावर जतन होत होते. असे संपर्क आधी गूगल खात्यात हलवून घ्यावेत.

खरी कसोटी व्हॉट्सॲपची असते. अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगल ड्राइव्हमध्ये जातो आणि तो आयफोनवर उघडत नाही, त्यामुळे ‘बॅकअप आहे’ या भरवशावर जुन्या फोनमधील सारे पुसून टाकणाऱ्यांची फसगत होते. २०२२ पासून ‘मूव्ह टू आयओएस’मधूनच हे संवाद नेता येतात. दोन्ही फोन चार्जरला लावून एकाच वाय-फायवर ठेवावेत, आयफोनवर दिसणारा संकेतांक अँड्रॉइडवर टाकावा, नेण्याच्या गोष्टींच्या यादीत व्हॉट्सॲप निवडावे आणि पुढे नव्या फोनवर त्याच मोबाइल क्रमांकाने प्रवेश करावा. संवाद, छायाचित्रे आणि आवाजी संदेश येतात. कॉलची नोंद येत नाही.

हस्तांतर चालू असताना अँड्रॉइडवर ते ॲप उघडेच राहू द्यावे आणि फोनला हात लावू नये. मध्येच फोन वाजला किंवा दुसरे ॲप उघडले, तर हस्तांतर तुटण्याची शक्यता असते. अँड्रॉइडवर काम संपल्याचे दिसले, तरी आयफोनवरील पट्टी पूर्ण भरेपर्यंत थांबावे. फोटो पुष्कळ असल्यास यात काही तास जाऊ शकतात, म्हणून हे काम रात्रीच्या जेवणानंतर हाती घेणे सोयीचे. गाणी आणि पीडीएफ तपासून पाहावेत, राहिलेले संगणकामार्फत न्यावेत. विकत घेतलेली ॲप मात्र बहुधा पुन्हा विकत घ्यावी लागतात.

यूपीआय आणि बँकांची ॲप यांचे असे हस्तांतर होत नाही. ती सिम आणि फोन या जोडीशी बांधलेली असल्याने सिम नव्या फोनमध्ये घातल्यावर तेथून एसएमएस जाऊन नव्याने नोंदणी होते, आणि सुरुवातीचा काही काळ बँक व्यवहाराची मर्यादा कमी ठेवू शकते. घरभाडे भरण्याच्या दिवशी फोन बदलू नये तो याचसाठी. दुहेरी पडताळणीचे (पासवर्डनंतर मागितले जाणारे) संकेतांक देणारे ॲप वापरात असेल, तर त्यातील खाती नव्या फोनवर चालू झाल्याची खात्री जुना फोन पुसण्याआधी करावी. डिजिलॉकरमध्ये केवळ पुन्हा प्रवेश केला की पुरते.

हे सारे तपासून झाले, तरी जुना फोन निदान पंधरा दिवस तसाच ठेवावा आणि मगच तो पुसून एक्स्चेंजमध्ये द्यावा.