प्रवासात मांजराचं पिल्लू सापडलं? या चुका टाळा

फिरायला गेलेल्या कुणाचा तरी निरोप रात्री उशिरा येतो. ‘रस्त्यात मांजराचं पिल्लू सापडलंय. दूध पाजतोय, पण पीतच नाही. काय करू?’ मी कित्येक वर्षं भटकते आहे आणि टाकलेली पिल्लंही सांभाळते आहे. या निरोपाला माझं उत्तर दर वेळी एकच असतं. दुधाची बाटली आधी खाली ठेव. पिल्लाच्या तोंडात करंगळी घाल आणि आतून कोमट लागतंय की गार, ते सांग.

बहुतेक वेळा गारच लागतं.

गार पिल्लाला दूध पाजणं

पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाला कुडकुडून अंग गरम करता येत नाही. त्याला ऊब मिळते ती आईच्या पोटाची आणि भावंडांच्या गराड्याची. मोठ्या मांजराचं अंग ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं, या तान्ह्याचं साधारण ३५ ते ३७. त्याहून खाली गेलं की आतड्यांची हालचाल मंदावते आणि पुढे थांबते. पोटात गेलेलं दूध जिरत नाही, तिथंच पडून राहतं. गिळण्याची ताकदही गेलेली असते, त्यामुळे दूध घशाऐवजी श्वासनळीत उतरतं.

हे मी एका पावसाळी प्रवासात शिकले. रस्त्याखालच्या मोरीत दोन पिल्लं मिळाली. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, म्हणजे जेमतेम आठवड्याची. एक रडत होतं, दुसरं गप्प होतं. गप्प होतं त्याचीच आम्हाला जास्त दया आली. बरोबरच्या मैत्रिणीनं लगेच दूध कोमट केलं आणि ड्रॉपरनं त्याच्या तोंडात चार थेंब सोडले. ते चोखत नव्हतं, तरी दूध आत जातंय म्हणून आम्हाला बरं वाटलं. पाचव्या थेंबाला दूध नाकातून बाहेर आलं. रात्री त्याच्या प्रत्येक श्वासाला बारीक टिकटिक ऐकू येत होती. पहाटेच्या आत ते गेलं. रडणाऱ्याला मी तोवर नुसतं अंगाशी धरून ठेवलं होतं, कारण ड्रॉपर एकच होता. तासाभरानं त्याचे तळवे गुलाबी झाले आणि ते माझं बोट चोखायला लागलं. मग त्याला पाजलं. ते जगलं. दोघांना एकाच मोरीतून उचललं होतं, एकाच वेळी. फरक फक्त त्या एका तासाचा होता.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. पिल्लू हातात आलं की आधी शर्टाच्या आत, पोटाच्या कातडीला लागून. वरून लोकरीचं कापड. गाडीत असले तर कोमट पाण्याची बाटली जाड फडक्यात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवते. दुसरा अर्धा मोकळा सोडते, म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता येतं. हेअर ड्रायर नको, गरम पाण्यात बुडवणं नको, गाडीच्या हीटरसमोर धरणं नको. ऊब हळूहळूच चढायला हवी, त्याला एक ते दोन तास लागतात. तोंड आतून कोमट झालं आणि करंगळी चोखायला लागलं की मगच दूध. लोकांना इथेच धीर धरवत नाही. ‘दोन दिवसांचं उपाशी असेल हो,’ म्हणतात. असेल. तरी त्याला आधी ऊब हवी आहे.

आईची वाट न बघता उचलणं

मोरीतली पिल्लं उचलावीच लागली असती, कारण पाणी चढत होतं. पण दर वेळी तसं नसतं. डोंगराच्या पायथ्याशी मुक्काम होता, तेव्हा सरपणाच्या ढिगामागे मला तीन पिल्लं दिसली. आसपास मांजर नव्हतं. मी पंधरा मिनिटं थांबले, पंधराच, आणि तिघांना खोक्यात घालून निघाले. दोन तासांची वाट कापून झाल्यावर मुक्कामाच्या ठिकाणाहून फोन आला. एक मांजर सरपणाभोवती फिरतंय, ओरडतंय, लाकडं उकरतंय.

मी गाडी वळवली. पोहोचेपर्यंत अंधार पडला होता. खोकं त्याच जागी आडवं ठेवलं आणि आम्ही सगळे लांब जाऊन दिवे मालवून बसलो. तिला यायला चाळीसएक मिनिटं लागली. खोक्याच्या तोंडाशी थांबून तिनं आधी एकेकाला हुंगलं. मग पहिल्याचं मानगूट धरलं. पिल्लानं पाय पोटाशी घेतले, शेपटी आत वळवली आणि ते तिच्या तोंडात मुकाट लोंबकळत राहिलं. एकेक करून तिनं तिघांनाही ढिगाच्या पलीकडे नेलं. माणसाचा वास लागला की आई पिल्लाला टाकते, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. तासन्‌तास माझ्याजवळ असलेली पिल्लं तिनं बिनदिक्कत उचलली.

आई पोट भरायला तासन्‌तास बाहेर असते. जागा सुरक्षित वाटली नाही तर ती पिल्लं हलवते, आणि हलवते एकेक करून. त्यामुळे एकटं दिसलेलं पिल्लू पुष्कळदा टाकलेलं नसतं. ते फक्त शेवटच्या खेपेची वाट बघत असतं. आणि तुम्ही दोन हात अंतरावर बसून राहिलात तर ती येणारच नाही.

पिल्लं एकमेकांना चिकटून शांत झोपली आहेत, पोटं गोल आहेत, अंग स्वच्छ आहे, तर आई आहे असं धरून चाला आणि लांब जा. तीन-चार तासांनी परत बघा. थांबता येत नसेल तर पिल्लांभोवती कोरड्या पिठाचं कडं घालून जा. आई येऊन गेली तर पावलं उमटतात. अंग गार, पोट खपाटीला, मळलेलं, सारखं रडतंय, मुंग्या लागल्यात, जखम आहे किंवा पाणी चढतंय, असं असेल तर मात्र वाट बघू नका.

दूध कोणतं आणि कसं

गाईचं दूध नको. पिल्लाला त्यातली साखर पचत नाही, जुलाब होतात आणि शंभर-दीडशे ग्रॅमचा जीव जुलाबानं काही तासांत सुकतो. पिल्लांसाठीची दुधाची पावडर मिळते, तीच द्या. माझ्या प्रवासाच्या पिशवीत तिचं एक छोटं पाकीट, सुई काढलेल्या दोन सिरिंज आणि एक निपलची बाटली कायम असते. कपड्यांचा एक जोड कमी नेते, पण हे काढत नाही.

पिल्लाला माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजू नका. अशी गोंडस चित्रं बघून लोक तसंच करतात, म्हणून बजावून सांगते. पिल्लू पोटावर, पाय टेकलेले, मान किंचित वर, जसं ते आईच्या अंगावर पितं तसं. सिरिंज दाबू नका, त्याला चोखू द्या. नाकातून दूध आलं की थांबा, डोकं खाली करा, नाक पुसा. चालत्या गाडीत कधीच पाजू नका. गाडी बाजूला घ्या, पाच मिनिटांनी कुणाची सहल बिघडत नाही.

पोट फार लहान असतं, दर १०० ग्रॅम वजनाला जेमतेम ४ मिलिलिटर. म्हणून थोडं आणि वारंवार. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. ‘रात्री एकदम जास्त पाजून झोपलो तर चालेल का?’ असं ज्यांना विचारावंसं वाटतं, त्यांनी पिल्लू दुसऱ्याकडे सोपवावं. हे मी रागानं म्हणत नाही. झोप हवी असणं चूक नाही, पिल्लानं त्याची किंमत मोजणं चूक आहे.

पाजलं, पण पुसलं नाही

साधारण तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपणहून शी-शू करता येत नाही. आई चाटते तेव्हाच ती होते. एकदा एकांनी ‘पोट दुखतंय बहुतेक’ म्हणून रडणारं पिल्लू माझ्याकडे आणलं. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं. रडतं म्हणून भूक समजून ते दीड दिवस त्याला पाजतच होते. मी कोमट पाण्यात कापसाचा बोळा भिजवला, पिळला आणि शेपटीखाली हलक्या हातानं टिपत राहिले. मिनिटभर ते शू करत होतं. मग माझ्या हातावरच झोपलं. प्रत्येक पाजण्यानंतर हे करायचं. चोळायचं नाही, नुसतं टिपायचं.

बाकीच्या चुका

वजन न करणं. जन्मतः पिल्लू १०० ग्रॅमच्या आसपास असतं आणि रोज १० ते १५ ग्रॅम वाढायला हवं. ग्रॅम दाखवणारा काटा घ्या, रोज ठरल्या वेळी मोजा, लिहा. डोळ्यांना पिल्लू बरं दिसत असतं तेव्हा काटा घसरलेला असतो. दिवसभरात वजन वाढलं नाही तर मी डॉक्टरांना फोन करते, दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही.

पिसवांवर कुत्र्याचं औषध टाकणं. त्यातलं परमेथ्रिन मांजराला विषासारखं आहे. तान्ह्याच्या पिसवा बारीक दातांच्या फणीनं काढा, वेळ लागतो तेवढा लागू द्या. आणि ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल कधीही नाही. एक गोळी मोठ्या मांजराचाही जीव घेऊ शकते.

घरी पोहोचताच आपल्या मांजराशी भेट घालून देणं. निदान दोन आठवडे वेगळी खोली, वेगळी भांडी. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या साथीच्या आजाराचा विषाणू जागेवर महिनोन्‌महिने टिकतो आणि अल्कोहोलच्या सॅनिटायझरला तो दाद देत नाही. लसीकरण सहा ते आठ आठवड्यांना सुरू होतं, त्याआधी जंतांचं औषध डॉक्टरांकडून.

उचलताना चावलं, ओरखडलं तर ‘एवढंसं तर पिल्लू’ म्हणून सोडून देणं. साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टरांकडे जा. प्रवासाचा पुढचा टप्पा हुकला तरी चालेल.

आणि एक, जी माझ्यासारख्या फिरणाऱ्यांचीच आहे. तीन आठवडे पिल्लू नीट सांभाळायचं, मग ठरलेला ट्रेक आला की शेजारच्यांच्या हाती खोकं देऊन ‘फक्त दूध द्या’ म्हणत निघून जायचं. अशी एक सुट्टी मी रद्द केली आहे आणि एकदा पिल्लूच बरोबर नेलं आहे. आता जाणं टळत नसेल तर सांभाळणारी व्यक्ती आधी दोन दिवस माझ्याकडे येते. माझ्यासमोर पाजते, पुसते, वजन करते. खोक्याच्या झाकणावर कागद चिकटवलेला असतो. कालचं वजन, पाजण्याच्या वेळा, डॉक्टरांचा नंबर. सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं : आधी तोंडात बोट घाल.