रिप लावताना या चुका टाळा

“सर, अर्धे पिंग जायलेत, अर्धे यीनात.” एका संस्थेच्या लातूर शाखेतून हा फोन आला, तोवर तिथल्या पोरांनी केबल बदलली होती, राउटर बदलला होता, लाइनची तक्रारही दोनदा नोंदवली होती. शाखा जोडल्या होत्या रिपने, म्हणजे राउटर एकमेकांना वाटा सांगतात त्या पद्धतीने. मी तेव्हा छत्रपती संभाजीनगरला मुख्य कार्यालयात होतो. तिथल्या राउटरवरून लातूरला पिंग (उत्तर येतं का हे पाहणारी छोटी पॅकेट) मारला: एक उद्गारचिन्ह (पोचलं), मग यू (पोचलं नाही), पुन्हा उद्गारचिन्ह. ‘शो आयपी रूट’ने राउटरचं रूटचं, म्हणजे वाटांचं, टेबल पाहिलं, तर 172.16.0.0/16 अशी एकच ओळ, पुढे [120/1] (शेवटचा 1 म्हणजे एक हॉप, एका राउटरचं अंतर), आणि वाटा दोन. एक लातूरची, एक नांदेडची.

लातूरचं लॅन (शाखेतलं आतलं नेटवर्क) 172.16.1.0/24, नांदेडचं 172.16.2.0/24, दोन्ही 172.16 चेच छोटे तुकडे; मधल्या लाइनींचे पत्ते 10 ने सुरू होणारे. सिस्को कंपनीच्या राउटरवर रिपचं ऑटो-समरी (तुकड्याऐवजी अख्खं मोठं नेटवर्क सांगणं) मुळातच चालू असतं. त्यामुळे दोन्ही शाखा मुख्य राउटरला सांगत होत्या, ‘अख्खं 172.16 माझ्याकडे आहे.’ दोघींचा हॉप सारखाच, म्हणून त्याने पॅकेट दोघींत वाटली. लातूरची जी नांदेडला गेली ती तिथेच मेली. लातूर एकटं होतं तोवर सगळं सुरळीत होतं, नांदेड जोडलं त्या दिवसापासून बिघडलं. हे कुणी मला आधी सांगितलं असतं तर राउटर बदलावा लागला नसता. म्हणून मी कुठेही गेलो की पहिलं विचारतो: शेवटचं काय बदललंत?

इलाज एका ओळीचा: दोन्ही शाखांवर ‘राउटर रिप’मध्ये ‘नो ऑटो-समरी’. ‘व्हर्जन 2’ टाकलं होतं ना, असं पोरं म्हणतात. रिपच्या 1988 च्या पहिल्या आवृत्तीत मास्क (तुकडा केवढा हे सांगणारा /24 सारखा आकडा) जातच नाही, दुसरीत जातो, हे खरं. पण समरी आपोआप बंद होत नाही. मी या दोन ओळी कायम जोडीनेच टाकतो.

‘व्हर्जन 2’ एकाच टोकाला टाकलं तर रूट एकाच दिशेने पोचतात. कारण काहीच न टाकलेला राउटर दोन्ही आवृत्त्या ऐकतो, पण बोलतो पहिलीच.

दुसरी खोड घाईची. रिपचं अपडेट 30 सेकंदांनी येतं. बंद पडलेला रूट 180 सेकंदांनी अवैध ठरतो, टेबलातून 240 सेकंदांनी जातो. त्या दिवशीही दुरुस्तीनंतर जुनी /16 ची ओळ दिसत राहिली, आणि शेजारचा पोरगा लगेच दुसरी कमांड मारायला निघाला. मी त्याचा हात धरला. चार मिनिटांत तीन बदल केले तर कशाने दुरुस्त झालं हे कुणालाच कळत नाही. मी एक बदल करतो, ‘डीबग आयपी रिप’ (येणारी-जाणारी अपडेट पडद्यावर दाखवणारी कमांड) लावून दोन अपडेट डोळ्यांनी बघतो, डीबग बंद करतो, मगच पुढे जातो. नेटवरून अख्खी कॉन्फिग चिकटवणाऱ्यांना हा धीर नसतो आणि आपल्या राउटरवर काय चाललंय हेही ठाऊक नसतं.

‘नेटवर्क 172.16.1.0’ टाकलं आणि कॉन्फिगमध्ये 172.16.0.0 दिसलं तर घाबरू नका. ही कमांड क्लासनेच, म्हणजे पत्त्यांच्या जुन्या ठरावीक गटांनीच, चालते.

‘पॅसिव्ह-इंटरफेस’ (त्या पोर्टवरून रिपची अपडेट पाठवणं बंद करणारी कमांड) लॅनच्या पोर्टवर लावा. चुकून लाइनच्या पोर्टवर लागलं तर तो राउटर समोरच्याचं ऐकतो, पण स्वतः गप्प बसतो.