कॅम्पर जोडण्याआधी: दाराच्या स्टिकरपासून चाकाखालच्या ठोकळ्यापर्यंत

"ही किती ओढते?" पिकअप घेणाऱ्याचा पहिला प्रश्न हाच. शोरूममधला माणूस "११,००० पौंड" म्हणतो, आपण मान डोलावतो आणि त्याच आठवड्यात ६,००० पौंडांचा कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढायचा राहण्याचा ट्रेलर, बघायला जातो. निम्म्याच्या आसपास तर वजन आहे, मग काळजी कसली? मीही असंच धरून चाललो होतो. इकडे टेक्सासमध्ये नवीन पिकअप घेतलेल्या मित्रांचे फोन यायला लागले की मी आता सांगतो, तो ११,००० चा आकडा बाजूला ठेव आणि आधी ड्रायव्हरचं दार उघड.

दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेची माहिती देणारा स्टिकर असतो. त्यावर, माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त नको, असं एक वाक्य असतं. हा पेलोड. प्रत्येक गाडीचा वेगळा. सनरूफ, मोठी चाकं, चामड्याच्या सीट असं काहीबाही घेतलं की तो कमी होत जातो. समजा तुमच्या स्टिकरवर १,५०० आहे. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग हिचच्या, म्हणजे पिकअपमागे ट्रेलर जोडायच्या सांगाड्याच्या, बॉलवर येतो आणि तो पिकअपच्या अंगावर पडतो, म्हणजे पेलोडमधून वजा होतो. ६,००० पौंडांच्या कॅम्परचे साधारण ७५०. नवरा-बायको आणि दोन मुलं मिळून ४७०. हिचचं स्वतःचं लोखंड ९०. मागच्या बेडमध्ये कूलर, छोटा जनरेटर, लाकडं आणि आईने दिलेला लाडवांचा डबा धरून २००. बेरीज १,५१०. ओढायची ताकद निम्मी शिल्लक आहे आणि पेलोड मात्र संपला. म्हणून कॅम्पर ठरवण्याआधी ही बेरीज कागदावर मांडा, आणि कॅम्परचं वजन धरताना माहितीपत्रकातलं रिकामं वजन धरू नका. त्याच्या प्लेटवरचं जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरल्यावरचं कमाल वजन, तेच धरा. पाण्याची टाकी, गॅसचे सिलिंडर आणि कुकर भरल्यावर रिकामं वजन कुठे राहतं?

बॉलवरचा भार कमी करायचा म्हणून सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला सरकवण्याचा मोह होतो. ते अजिबात नको. भार १० टक्क्यांच्या खाली गेला की हायवेवर ट्रेलर शेपटासारखा हलायला लागतो. आणि भार फार झाला की काय होतं ते मी लहानपणी सांगलीकडे पाहिलंय. उसाने खच्चून भरलेली ट्रॉली चढाला लागली की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलायची आणि स्टेअरिंग नुसतं फिरायचं. पिकअपची चाकं दिसण्याइतकी उचलत नाहीत. पण मागची बाजू बसते, पुढची हलकी होते, आणि रात्री हेडलाइट रस्ता सोडून झाडांचे शेंडे दाखवायला लागतात.

बॉलवर नेमका किती भार येतो हे घरच्या वजनकाट्यावरही कळतं. तीन फुटांची मजबूत फळी घ्या, एक टोक विटेवर आणि दुसरं काट्यावर टेकवा. ट्रेलरचा जॅक (त्याचं पुढचं टोक वर-खाली करणारा पाय) विटेपासून एक फुटावर, म्हणजे काट्यापासून दोन फुटांवर, हळूच फळीवर उतरवा. त्याआधी ट्रेलरच्या चाकांना अडण, म्हणजे ठोकळे, लावलेली हवी, फळी सपाट हवी. काट्यावर जो आकडा येईल त्याची तिप्पट करा. मला २४८ दिसले, म्हणजे ७४४. पक्का हिशेब हवा तर भरलेली गाडी आणि कॅम्पर घेऊन ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर जा. तिथे एक्सलचं वजन वेगवेगळं छापून मिळतं.

आता हिच. गाडीखाली असलेल्या चौकोनी नळीला रिसीव्हर म्हणतात. कारच्या खालचा छोटा रिसीव्हर १ १/४ इंचाचा असतो, पिकअपला बहुधा २ इंची मिळतो, मोठ्या पिकअपला २ १/२ किंवा ३ इंची. रिसीव्हर, त्यात सरकवायचा बॉल माउंट, त्यावरचा बॉल आणि बॉलवर बसणारा ट्रेलरचा कपलर, चौघांवर आपापली क्षमता लिहिलेली असते. त्यातला सगळ्यांत छोटा आकडा तोच आपला. रिसीव्हरवरच्या लेबलवर बरेचदा दोन ओळी असतात: साध्या बॉलवर समजा ट्रेलरसाठी ५,००० आणि बॉलवरच्या भारासाठी ५००, वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लावलं तर त्याहून बरंच जास्त. आपल्या ७५० साठी हे दुसरं हिचच लागणार. त्याचे स्प्रिंग बार मागे बसलेलं वजन थोडं पुढच्या एक्सलवर आणि थोडं ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात. पेलोड मात्र त्याने वाढत नाही, विकणारा काहीही म्हणो.

बॉल सहसा तीन मापांत मिळतो: १ ७/८, २ आणि २ ५/१६ इंच. माप बॉलच्या डोक्यावर कोरलेलं असतं, ते वाचा. एकदा भाड्याच्या ट्रेलरबरोबर मला २ इंची बॉल दिला गेला आणि कपलर होता २ ५/१६ चा. कपलर बंद करणारा लॅच बसला, त्याची पिन लागली, सगळं बरोबर दिसत होतं. असा कपलर पहिल्या मोठ्या खड्ड्यात बॉलवरून उडतो. सुदैवाने अंगणातच कळलं, कारण खालची परीक्षा मी कधी चुकवत नाही.

ती अशी. बॉलला ग्रीस लावा, पिकअप मागे घ्या, जॅक फिरवत कपलर बॉलवर उतरवा, लॅच लावा, पिन घाला. मग तोच जॅक उलटा फिरवून कपलर वर उचला. पिकअपची मागची बाजू त्याच्याबरोबर दोन इंच वर आली, तर जोड पक्का. पिकअप जागची हलली नाही आणि कपलर एकटाच वर आला, तर तो नुसता बॉलच्या डोक्यावर बसला होता. त्या दिवशी माझा कपलर एकटाच वर आला.

साखळ्या खालून एकमेकींना छेद देऊन अडकवा, म्हणजे जोड सुटलाच तर ट्रेलरचा पुढचा दांडा रस्त्यावर न आपटता त्यांच्या झोळीत पडतो. ब्रेकअवे केबल साखळीला नको, थेट पिकअपला. ट्रेलर तुटला तर ती पिन ओढून ट्रेलरचे ब्रेक लावते. टेक्सासमध्ये ४,५०० पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतातच, म्हणजे ट्रेलरच्या दिव्यांना आणि ब्रेकना वीज देणारा सात पिनांचा प्लग आणि गाडीत ते ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर हवा. कोणाला तरी मागे उभं करून दिवे बघून घ्या.

ट्रेलरचे टायर हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. नक्षी नवी दिसते, रबर म्हातारं झालेलं असतं. बाजूच्या चार आकड्यांत वय असतं: ३५१९ म्हणजे २०१९ चा ३५ वा आठवडा. हवा टायर थंड असताना भरा. बऱ्याच ट्रेलर टायरांची वेगमर्यादा ६५ मैल असते. शेजारून सगळे ७५ ने गेले तरी आपण ६० च्या आसपास. कॅलिफोर्नियात तर ट्रेलरला कायद्यानेच ५५.

निघाल्यावर २५ मैलांनी पहिला थांबा. चाकांच्या मधल्या भागाजवळ हात न्या. एकच चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलं असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकलाय. साखळ्या, पिन, प्लग पुन्हा बघा. वाटेत ट्रेलर डुलायला लागला तर पिकअपचा ब्रेक दाबू नका. पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टेअरिंग सरळ धरा आणि कंट्रोलरची कळ दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. अमरिलोजवळच्या पालो ड्युरो कॅन्यनमध्ये उतरणारा रस्ता १० टक्के उताराचा आहे. तिथे गिअर उतार सुरू होण्याआधी खाली आणायचा, मधे नाही.

साइटवर पोचल्यावर सगळ्यांना आधी चहा हवा असतो. चहा नंतर. आधी ट्रेलरच्या दोन्ही बाजूंच्या चाकांना पुढून-मागून अडण, मगच लॅच उघडायचा. आमच्याकडे ते चार पिवळे ठोकळे धाकटीच्या सीटखाली असतात, आणि तिने "लावले!" असं ओरडल्याशिवाय मी जॅकला हात लावत नाही.