लॅपटॉपवरील वाद्याचा आवाज जुळवताना

सोलापुरात भजनी मंडळापासून लग्नातल्या ऑर्केस्ट्रापर्यंत लॅपटॉपला मिडी कीबोर्ड (स्वतः आवाज न काढता कोणती पट्टी दाबली याचे संदेश पाठवणारा कीबोर्ड) जोडून पेटी, पियानो किंवा तंतुवाद्यांचे आवाज वाजवणारे वादक आता सहज भेटतात. हे आवाज काढणारा प्रोग्रॅम बसवणे आणि त्यात वाद्य उघडणे फारसे अवघड नसते. अडचण त्यानंतर सुरू होते. पट्टी दाबल्यावर स्वर उशिरा उमटतो, नाहीतर वेळेवर उमटतो पण मध्येच खरखरतो. या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकाच सेटिंगमध्ये असते आणि म्हणूनच एक दूर करायला जावे तर दुसरी उभी राहते. हाताला येईल ते बदलत न बसता पुढील क्रमाने गेल्यास बराच वेळ वाचतो.

सर्वप्रथम प्रोग्रॅमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ड्रायव्हर, म्हणजे आवाज प्रोग्रॅममधून बाहेर नेणारा मार्ग, कोणता निवडला आहे ते पाहावे. विंडोजवर तिथे डायरेक्टसाउंड असेल, तर बाकी काहीही बदलले तरी उशीर पुरेसा कमी होणार नाही, कारण त्या मार्गाने आवाज विंडोजच्या स्वतःच्या मिक्सरमधून फिरून येतो. स्टाइनबर्ग कंपनीने 1997 मध्ये आणलेला असिओ हा मार्ग तो वळसा टाळतो. यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे लॅपटॉपला बाहेरून जोडायची ध्वनीची पेटी, असेल, तर त्याच्या उत्पादकाचाच असिओ ड्रायव्हर बसवावा. इंटरफेस नसेल, तर असिओफोरऑल हा मोफत ड्रायव्हर किंवा वासापी या विंडोजच्याच ध्वनिमार्गाचा एक्सक्लुझिव्ह प्रकार चालतो. मात्र त्या काळात इतर प्रोग्रॅमचा आवाज बंद राहू शकतो, हे ध्यानात ठेवावे. मॅकवर कोअर ऑडिओ हा अंगचाच ध्वनिमार्ग असल्याने हा प्रश्नच येत नाही.

त्यानंतर सॅम्पल रेट, म्हणजे एका सेकंदातील आवाजाच्या नमुन्यांची संख्या. तो 44,100 किंवा 48,000 यांपैकी कोणताही चालेल, पण प्रोग्रॅम, इंटरफेस आणि विंडोजची ध्वनी सेटिंग या तिन्ही ठिकाणी एकच आकडा असावा. 96,000 निवडल्याने भजनाची पेटी अधिक गोड वाजत नाही, प्रोसेसरवरचा भार मात्र नक्की वाढतो.

आता मुख्य सेटिंग, म्हणजे बफर. संगणक आवाजाचे ठरावीक नमुने आधी गोळा करतो आणि मग एकदम बाहेर सोडतो. त्या गोळा करण्याच्या संख्येला बफर म्हणतात. नमुन्यांच्या संख्येला सॅम्पल रेटने भागले की उशीर कळतो. 44,100 च्या रेटला 128 नमुन्यांचा बफर सुमारे 2.9 मिलिसेकंद, 256 चा 5.8, 512 चा 11.6 आणि 1024 चा 23.2 मिलिसेकंद उशीर करतो; इंटरफेस आणि कीबोर्ड यांचा थोडा वेळ त्यात आणखी मिळतो. बफर लहान केला की प्रोसेसरला पुढचे नमुने तयार करायला कमी वेळ मिळतो, आणि ते वेळेत झाले नाहीत की खरखर ऐकू येते.

पुष्कळ वादक सर्वांत लहान आकड्याच्या मागे लागतात, पण त्याची गरज नसते. हवेतून आवाज दहा मिलिसेकंदांत साधारण 3.4 मीटर जातो. हुतात्मा स्मृती मंदिराच्या रंगमंचावर तबल्यापासून तेवढ्या अंतरावर बसलेल्या गायकाला प्रत्येक थाप तितक्याच उशिराने ऐकू येते, आणि तरीही ठेका बिघडत नाही. म्हणून सुरुवात 256 पासून करावी. दोन्ही हातांनी भरगच्च वाजवून, पेडल दाबून, काही मिनिटे ऐकावे. खरखर आली तर 512 वर जावे, नाही आली तर हवे असल्यास 128 करून पाहावे. बोलपटाच्या पार्श्वसंगीतासारखे ध्वनिमुद्रण नंतर निवांत मिसळायचे असेल, तेव्हा 1024 सुद्धा योग्यच. ब्लूटूथ हेडफोनचा उशीर मात्र अनेकदा 100 मिलिसेकंदांच्या पुढे जातो आणि बफर कितीही लहान केला तरी तो जात नाही. वाजवताना तारेचाच हेडफोन वापरावा.

घरी नीट चाललेला 256 चा बफर कार्यक्रमात खरखरला, तर दोष बहुधा सेटिंगचा नसतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि तापलेला लॅपटॉप आपला वेग आपोआप कमी करतो. वीज गेल्यावर बॅटरीवर चालतानाही तेच होते. पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’ वर ठेवावा, वायफाय बंद करावे, लॅपटॉप चादरीवर किंवा गादीवर न ठेवता खालून हवा खेळेल असा ठेवावा, आणि उन्हाळी कार्यक्रमासाठी बफर एक पायरी वरचाच धरावा.

तरीही खरखर राहिली, तर व्हॉइसेसची, म्हणजे एकाच वेळी वाजू शकणाऱ्या आवाजांची, मर्यादा पाहावी. पेडल दाबून पियानो वाजवला की जुने स्वर विरण्याआधी नवे येत राहतात आणि एका पट्टीमागेही अनेक व्हॉइसेस खर्च होऊ शकतात. पेटीला 64 पुरतात, पियानोला 128 ठेवून पाहावे. मोठी वाद्ये स्वराचा सुरुवातीचा तुकडाच मेमरीत ठेवतात आणि उरलेला डिस्कवरून वाचतात. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर प्रीलोडचा, म्हणजे मेमरीत आधी ठेवायच्या या तुकड्याचा, आकडा वाढवावा. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, असेल, तर तो कमी करून मेमरी वाचवता येते.

यानंतर स्वर जुळवावा. मंडळाची पेटी बरोबर 440 हर्ट्झला असेलच असे नाही. मोबाइलवरील ट्यूनरसमोर पेटीची पांढरी सहा वाजवून आकडा पाहावा आणि तोच प्रोग्रॅमच्या मास्टर ट्यूनमध्ये, म्हणजे संपूर्ण वाद्याचा स्वर वरखाली करणाऱ्या सेटिंगमध्ये, द्यावा. तिथे सेंट (एक सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचा शंभरावा भाग) मागितले, तर 442 साठी सुमारे 8 सेंट वाढवावेत. गायक काळी एकमध्ये गाणारा आणि वादकाचा हात पांढरी एकवर बसलेला असेल, तर ट्रान्सपोज, म्हणजे सगळ्या पट्ट्यांचे स्वर एकदम सरकवण्याची सेटिंग, एकने वाढवणे पुरेसे आहे.

पेटीच्या बाबतीत एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. खऱ्या पेटीचा आवाज पट्टी किती जोरात दाबली यावर नव्हे, तर भात्यावर ठरतो. मिडी कीबोर्ड मात्र प्रत्येक दाबाला 1 ते 127 पर्यंतचा जोर पाठवतो, आणि त्यामुळे पेटीची एखादी तान पियानोसारखी उसळत ऐकू येते. हा जोर, म्हणजे व्हेलॉसिटी, स्थिर करून आवाजाचा चढउतार एक्स्प्रेशन पेडलला, म्हणजे कंट्रोलर 11 ला, जोडला की पेटीचा धर्म बराचसा परत येतो. पियानोसाठी मात्र व्हेलॉसिटी चालूच ठेवावी.

पातळी ठरवताना सर्वांत जोरकस भागातही मीटरचा काटा उणे 6 डेसिबलच्या आसपास थांबावा. शून्याला टेकला की आवाज फाटतो. अधिक आवाज हवा असेल, तर तो बाहेरच्या मिक्सरवर वाढवावा. यंत्रमागांच्या शेजारी सराव करणाऱ्यांनी पातळी हेडफोनवर न ठरवता मीटरवरच ठरवावी, कारण बाहेरच्या गोंगाटात कान फसतो. मंगल कार्यालयाच्या सिमेंटच्या भिंती मुळातच घुमतात, तेव्हा प्रोग्रॅममधला रिव्हर्ब, म्हणजे घुमण्याचा परिणाम, तिथे जवळजवळ बंद करावा.

सगळे जुळले की ते वाद्यासह वेगळ्या नावाने जतन करावे आणि शेवटी विंडोजच्या सूचनांचे आवाज बंद करावेत, नाहीतर ऐन अभंगात ईमेलची घंटी स्पीकरवरून वाजायची.