मोसिन नागांटचा बोल्ट चिकटत होता, असा सुटला

इकडे टेक्सासात घेतलेली जुनी रशियन रायफल मोसिन ९१/३०, पाच-सहा गोळ्या झाल्या की बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) उघडेचना, तळव्याने ठोकावा लागायचा. बाहेरून पुसली, डब्ल्यूडी-४० मारलं, फरक शून्य, नुसता वैताग. दोष चेंबरमधल्या, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीतल्या, सुकलेल्या कॉस्मोलीनचा (गंज धरू नये म्हणून साठवताना लावलेलं ग्रीस), गरम झालं की ते काडतुसाला धरून ठेवतं.

आधी रायफल रिकामी आहे ना बघा, बोल्ट काढा, लाकडी दस्ता वेगळा करा. मग २० गेजचा (शॉटगनच्या नळीच्या मापाचा) ब्राँझ ब्रश मिनरल स्पिरिटमध्ये (रंग पातळ करायचं द्रावण) बुडवून, ड्रिलला लावून, मोकळ्या हवेत चेंबरमध्ये हळू फिरवला, पहिली चिंधी चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी निघाली, पांढरी येईपर्यंत करत राहिलो. नंतर उकळतं पाणी, लगेच कोरडं, लगेच तेल, इथे आळस केला तर गंज धरतो. दस्ता काळ्या पिशवीत घालून उन्हात ठेवला, ग्रीस घामासारखं बाहेर येतं, पुसत राहायचं. आता बोल्ट दोन बोटांनी उघडतो.